दार, खुराडं, बाहेर नैर्ऋत्य

"दहा आठवड्यांचं होतं," बोयान म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. यिनश्या स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. सून सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला गेली, तिथूनच तिला इस्पितळात न्यावं लागलं, पोटात दुखतंय, घाबरू नकोस, एवढाच निरोप मुलाने फोनवर दिला होता. हिने आपलं अपेंडिक्स असेल असं धरलं होतं आणि भाताची पेज शिजत टाकली होती. "काय दहा आठवड्यांचं?" असं विचारून झाल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि आपण ते विचारलं याची लाज वाटली.

"मला बोलला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"तीन महिने बोलायचं नसतं ना? तूच सांगायचीस." बोयानने शेवटी बूट तसाच ओढून काढला. "पेइरोंग म्हणाली, आईंचं एवढं तरी ऐकू या."

त्याने पिशवीत बायकोच्या दोन विजारी कोंबल्या, दात घासायचा ब्रश घेतला, जाड मोजे कुठे असतात ते आईला विचारलं आणि पुन्हा तोच बूट घालून तो गेला. यिनश्या तिथेच उभी. तूच सांगायचीस. हो, सांगायची. नव्या वर्षाच्या जेवणात भाचीने दुसऱ्याच महिन्यात गोड बातमी फोडली, तेव्हा सगळ्यांच्या देखत ही म्हणाली होती की पोटातलं मूल भारी मानी असतं, तीन महिन्यांच्या आत त्याचा बोभाटा केला तर रुसून निघून जातं. पेइरोंग तेव्हा माशाचे काटे काढत होती. ही मुलगी कधी सासूचं काही मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. बर्फाची कॉफी पिऊ नकोस म्हटलं तर हसायची, ओल्या केसांनी झोपू नकोस म्हटलं तर "बरं आई" म्हणून तशीच झोपायची. इतक्या वर्षांत शंभर गोष्टी सांगितल्या असतील, त्यातली नेमकी हीच तिने पाळली. यिनश्या नकळत बोटांवर दिवस मागे मोजायला लागली होती. आज शुक्रवार. गुरुवार, बुधवार, मंगळवार. मंगळवारी बोट थांबलं.

फ्रिजच्या बाजूला पंचांग टांगलेलं असतं. मंगळवारच्या रकान्यात लग्नाला वर्ज्य, केस कापायला उत्तम, विहीर खणू नये, आणि सगळ्यांत खाली मुंगीएवढ्या अक्षरांत गर्भदेवाचा त्या दिवशीचा मुक्काम. हा देव पोटातल्या मुलाचा रखवालदार, रोज घरातली जागा बदलतो. कधी चुलीत असतो, कधी पलंगात, कधी उंबऱ्यात. तो असेल तिथे खिळा ठोकायचा नाही, जड वस्तू सरकवायची नाही, कात्री चालवायची नाही. त्याला लागलं की आतल्या मुलाला लागतं. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिने वाचलं: दार, कोंबड्यांचं खुराडं, बाहेर नैर्ऋत्य. पंचांग करणारे जुन्या काळातले लोक, त्यांना काय माहीत काओश्युंग शहरातल्या सातव्या मजल्यावरच्या घरात कोंबड्या नसतात म्हणून. ती पुन्हा वाचत राहिली. अख्ख्या घरात खुराडं म्हणावं असं एकच होतं, ते बाल्कनीत होतं, आणि बाल्कनी नैर्ऋत्येला होती. पेज उतू जाऊन चुलीवर सांडली तरी तिचं तिकडे लक्ष गेलं नाही.

महिन्यापूर्वी बुलबुलांची जोडी आली होती. डोक्यामागे चुना फासल्यासारखा पांढरा डाग, म्हणून या पाखराला सगळे पांढऱ्या डोक्याचा म्हातारा म्हणतात. हिने त्यांची म्हातारा आणि म्हातारी अशी नावंच ठेवून टाकली, कोण कोणतं ते ओळखू येत नसताना. कुंडीतल्या कुंतीच्या झाडात, तिच्या छातीएवढ्या उंचीवर त्यांनी चार दिवसांत वाटी विणली. गवत, प्लॅस्टिकच्या पिशवीची चिंधी, कुणाच्या तरी तोंडाच्या मास्कचं रबर. मग तीन अंडी, गुलाबी, वर वीटकरी ठिपके. तेव्हापासून यिनश्याने बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद केलं. न्हाणीघरात दोरी बांधली, आणि बोयान आंघोळ करून बाहेर आला की त्याच्या खांद्यावर कुणाची तरी ओली बाही पडलेली असायची. "आई, आता त्यांनाच आतली खोली दे, आम्ही झाडावर जातो," तो म्हणायचा. "तुला झाडावर चढता येतं का?" ही विचारायची. कुंतीला पाणी पाइपने न घालता चहाच्या कपाने बुंध्याशी घालायची, आणि पक्षीण जागची हलत नसे, नुसती एका डोळ्याने बघायची. नवरा गेल्यापासून कुणी आपल्याकडे इतक्या विश्वासाने बघितलं नव्हतं, असं तिला वाटायचं आणि ती स्वतःलाच हसायची. पेइरोंगही कामावर जाण्याआधी काचेच्या दाराआड स्टुलावर पाच मिनिटं बसायची. एकदा तिने विचारलं होतं, "किती दिवसांनी फुटतात हो आई?" "बारा-तेरा." "एवढेच?" ती म्हणाली होती. तेव्हा हिला त्यात काही वाटलं नाही. आता आठवलं तेव्हा त्या "एवढेच"चा सूर वेगळाच ऐकू आला. हेवा होता तो.

रविवारी अंडी फुटली, आणि मंगळवारी दुपारी ऊन असं काही पेटलं की बाल्कनीच्या फरशीवर पाय ठेववेना. तीन उघडी-नागडी पिल्लं, अंगावर पीस नाही, आणि पक्षीण घरट्याच्या काठावर दोन्ही पंख पसरून, चोच वासून उभी. सावली म्हणून स्वतःलाच धरलेलं. यिनश्या बाजारातून आली, घाम पुसायलाही थांबली नाही. कपाटावरचा जुना बांबूचा पडदा काढला, नवऱ्याचा हातोडा काढला, काँक्रीटमधे जाणारे तीन पोलादी खिळे शोधले आणि स्टुलावर चढली. पहिल्याला चार घाव, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन. पक्षीण शेजारच्यांच्या एसीच्या पेटीवर बसून शिव्या घालत होती. पडदा सोडला तशी घरट्यावर पट्ट्यापट्ट्यांची सावली पडली, आणि दहा मिनिटांत बाई परत आल्या, पंख मिटून पिल्लांवर बसल्या. "घ्या, म्हातारीने म्हातारीचं घर शाकारलं," यिनश्या रिकाम्या घराला म्हणाली. त्या दुपारी ती सुखात होती. साठी उलटल्यावर असं स्वच्छ सुख फार वेळा होत नाही.

सांगितलं असतं तर. दिवसभर तिच्या डोक्यात हेच. मला कानात जरी सांगितलं असतंस, मुली, तर मी हातोड्याला हात लावला असता का? आणि चुकून लागलाच असता तरी मंदिरात जाऊन मंतरलेला पिवळा कागद आणला असता, खिळ्यावर चिकटवला असता, अर्ध्या तासाचं काम होतं. पण बोलायचं नाही हेही माझंच शिकवलेलं. स्वतःच्याच दोन शिकवणींच्या मधे सापडून मूल गेलं, आणि तेही असं की रागवावं तर कुणावर? राग तरी येतच होता. भांडी घासताना तो पेइरोंगवर निघायचा, लादी पुसताना बोयानवर, आणि देवघरापुढे उदबत्ती लावताना तिला वर बघवायचं नाही.

रागाखाली जे होतं ते जुनं होतं. तेवीस वर्षांची असताना ती सासरी, साखर कारखान्याच्या गावात, सातव्या महिन्याची गरोदर होती. तेव्हा घरोघरी बायका छत्र्यांची कापडं शिवायच्या, गठ्ठा घरी यायचा, शिवून गठ्ठा परत जायचा. एका संध्याकाळी पाठ मोडून आली म्हणून ती कापड घेऊन पलंगावर बसली आणि तिथेच धागे कापत राहिली. सासू दारात येऊन उभी राहिली. पलंगावरच्या कात्रीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बोलली नाही. नऊ दिवसांनी मुलगी झाली, ती रडलीच नाही. सासू तेव्हाही एक अक्षर बोलली नाही. फक्त घरातली कात्री उचलून कपाटावर ठेवली, आणि पुढची अठरा वर्षं, म्हातारी मरेपर्यंत, यिनश्याला कात्री लागली की मागून घ्यावी लागायची. "आई, कात्री." सासू द्यायची. लगेच द्यायची, कधी नाही म्हटलं नाही. फक्त द्यायच्या आधी हात जरासा थांबायचा. त्या थांबण्याची वाट बघत यिनश्याची तरुणपणातली सगळी वर्षं गेली. बोयान झाला, चालायला लागला, शाळेत गेला, तरी हात थांबायचा तो थांबायचाच. कुणी चारचौघांत ओरडून सांगितलं असतं की तू मारलंस, तर तिने भांडून घेतलं असतं. आपली सून येईल तेव्हा तिच्यावर असा हात कधी थांबवायचा नाही, असं तिने मनाशी धरलं होतं आणि पाळलंही होतं. आता थांबायचा हात सुनेचा होता. पेइरोंगने बाल्कनीत येऊन मान वर करून खिळे बघितले की झालं.

शनिवारी तिला घरी आणलं. लहान महिना करायचा, म्हणजे बाळंतिणीचं अर्धं: पंधरा दिवस अंथरुणात, वारा नाही, गार पाणी नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. बाळंतिणीचं सगळं, एक बाळ सोडून. यिनश्या पहाटे बाजारातून ताजी डुकराची काळिजं आणायची, काळ्या तिळाच्या तेलात आल्याचे काप वाकडे होईपर्यंत परतायची, तांदळाची दारू ओतायची. घरभर तो गरम, कडवट वास. वाडगा घेऊन आत जायची तेव्हा बाल्कनीत पिल्लांचा गिल्ला चाललेला असायचा. म्हातारा-म्हातारी दर दोन-चार मिनिटांनी काहीतरी घेऊन येत, आणि ती तीन केशरी तोंडं एकदम वर येत. नुसती तोंडं, बाकी अंगच नाही. सावलीत ती अशी काही वाढत होती की रोज दुप्पट. सुनेची खोली बाल्कनीला लागूनच. "खिडकी लावू का?" यिनश्याने विचारलं. "राहू द्या, आई," पेइरोंग म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौथ्या दिवशी ती आपणहून बोलली. वाडगा मांडीवर धरून, चमच्याने आलं बाजूला सारत. "डॉक्टर म्हणतात कुणाचाच दोष नाही. मुळातच बी धरलं नव्हतं नीट. पण मी रोज बर्फाची कॉफी प्यायले, आई. रोज. आणि गुरुवारी दुकानात फ्रेमांची खोकी उचलली. बाकीच्या मुली होत्या, त्यांना सांगता आलं असतं, पण मग का ते सांगावं लागलं असतं."

"खोक्यांनी काही होत नसतं," यिनश्या म्हणाली.

"मग कशाने होतं?"

हीच वेळ होती. तिला कळत होतं की हीच वेळ आहे. तोंड उघडून म्हणायचं, माझ्याने झालं, तीन खिळे ठोकले मी, पाखरांसाठी. पोरीच्या छातीवरचं ओझं तेवढ्यावर उतरलं असतं. तिने सुनेच्या मांडीवरचा वाडगा जरा पुढे सरकवला. "गार होतंय. आधी खा," ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिली, कारण तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. पोर स्वतःवर घेते आहे, बर्फावर, खोक्यांवर. खिळ्यांपर्यंत तिचं मन गेलेलंच नाही. आपण इतक्या हलक्या आहोत हे या वयात कळायचं होतं. छत्रीच्या कापडांपाशी बसलेली ती तेवीस वर्षांची पोरगी तिला दिसली, आणि पलीकडे दारात जी उभी होती ती सासू नव्हती, आपणच होतो.

त्यानंतर दोन दिवस ती रोज ठरवायची आणि रोज वाडगा पुढे करून परत यायची. पिल्लांचा आवाज तिला सहन होईना. पंख फुटले होते, घरट्यात मावत नव्हती, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन ओरडत होती. आपण यांना सावली दिली आणि आपल्या घरातलं गेलं, असा सरळ हिशेब तिच्या मनाने मांडला, आणि एका सकाळी ती सुपली हातात घेऊन कुंतीसमोर उभी राहिली. एक झटका. सात मजले. कुणी विचारलं तर मांजर म्हणायचं, सातव्या मजल्यावर कसलं मांजर, तर ससाणा म्हणायचं. म्हातारी तिच्या केसांवर पंख मारून गेली, एकदा, दोनदा. पिल्लांनी मात्र तिची सावली पडली तशी तोंडं उघडली. तिलाच मागत होती. तिने सुपली खाली ठेवली आणि आत येऊन पाण्याचा नळ सोडून दिला, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी, बरोबर आठवड्याने, पिल्लं उडाली. एवढे दिवस वाट बघितली त्या मानाने काहीच नव्हतं ते. पहिलं काठावर आलं, कठड्यावर पडलं, तिथून खालच्या वडाकडे गेलं. दुसरं त्याच्या मागे. तिसरं बराच वेळ रिकाम्या घरट्यात उभं राहिलं आणि मग तेही नव्हतं. बाल्कनी एकदम मुकी झाली. यिनश्याने स्टूल आणलं, हातोडा आणला. पडदा सोडवून गुंडाळला आणि पहिल्या खिळ्याला हातोड्याची नांगी लावली. खिळा हलेना. भिंतीने तो असा धरला होता की तिने दांड्यावर सगळा भार टाकला.

"आई, खाली उतरा. पडाल."

पेइरोंग काचेच्या दारात उभी होती, पायांत जाड मोजे, खांद्यावर शाल, आठ दिवसांचे तेलकट केस. यिनश्या स्टुलावरच राहिली. पाठ फिरवूनच बोलणं सोपं होतं. "मंगळवारी ठोकले हे मी," ती भिंतीला म्हणाली. "तुला न्यायच्या आधीच्या मंगळवारी. पंचांगात बघितलं, देव इथेच होता. तुझी कॉफी नाही आणि खोकी नाहीत. मी केलं, मुली. आठ दिवस मला सांगता आलं नाही."

मग पेइरोंग म्हणाली, "अकरा."

"काय?"

"अकरा घाव. मी घरी होते. डोकं दुखत होतं म्हणून दुपारी परत आले होते, खोलीत पडले होते. बूट आत काढले होते, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत."

यिनश्या स्टुलावरून उतरली. उतरताना तिने सुनेचा हात धरला, की सुनेने तिचा, ते नीट कळलं नाही. "मग ओरडली का नाहीस? 'आई, थांबा' म्हणायला काय झालं होतं?"

"ओरडले असते तर का ते सांगावं लागलं असतं. अजून अडीच आठवडे बाकी होते." पेइरोंग खाली फरशीवरच बसली. गार फरशीवर बसू नकोस असं यिनश्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. "आणि खरं सांगू? मी घाव मोजत पडले होते, आणि मला वाटलं, बरं झालं. आता काही झालं तर ते माझ्यामुळे नसेल. आईंनी खिळे ठोकले म्हणून झालं, असं म्हणता येईल. आतलं मूल जिवंत असताना मला असं वाटलं, आई. तुम्ही वाडगा घेऊन यायच्या ना, तेव्हा मी रोज तुमच्या हातांकडे बघायचे आणि म्हणायचे, यांनीच. खूप प्रयत्न केला. पण ते तुमच्यावर बसेना."

"का बसेना? बसव की. माझ्यावर बसव. मला सवय आहे."

"कारण मागच्या वर्षी कुणी खिळा मारला नव्हता."

खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी तिची धून वाजवत आली, थांबली, पुढे गेली. इमारतीतल्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरल्या असतील; एरवी यिनश्या सगळ्यांच्या पुढे असायची. ती तशीच उभी होती. मागच्या वर्षी. मागच्या वर्षी कधी? मागच्या उन्हाळ्यात ही पोर चार-पाच दिवस गप्प होती, चेहरा ओढलेला, आणि आपण म्हणालो होतो, काय ते डाएट करता तुम्ही हल्लीच्या मुली. जेवणावरून बोललो होतो. पानात भात टाकलास म्हणून टोमणा मारला होता, तोही चांगला लागेल असा.

"किती दिवसांचं होतं?"

"सात आठवडे. बोयानलाही नंतर सांगितलं."

"मग तुझा लहान महिना कुणी केला?"

पेइरोंगने मान हलवली. "कुणी करणार? चौथ्या दिवशी दुकानात गेले."

यिनश्याला एकदम रडू आलं, आणि या खेपेला ते लपवायला नळ नव्हता. तिने सुनेला दंडाला धरून उठवलं, आत नेलं, पलंगावर बसवलं, पायांवर दुलई ओढली, सगळं जरा जास्तच जोरात. मग स्वयंपाकघरात जाऊन कढई ठेवली, तेल घातलं, आलं कापायला घेतलं. डोळ्यांतल्या पाण्याने काप जाडे-बारीक होत होते. तिथूनच ती मोठ्याने म्हणाली, "हे उरलेले आठ दिवस झाले की पुढे आणखी पंधरा. ऐकू येतंय का? मागचे राहिलेत तुझे."

आतून पेइरोंगच्या रडण्याचा आवाज आला, इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदाच, मोठा, बेसूर, लाज सोडून दिलेला. यिनश्याने चूल बारीक केली नाही की आतही गेली नाही. आलं कापत तिथेच उभी राहिली आणि तो आवाज तिने पुरता ऐकून घेतला.